वसंतदादा आणि विनाअनुदानाचा वारसा

पुणे-लोणावळा मार्गावरील आकुर्डीच्या स्थानकावर सकाळची लोकल थांबली की फलाटावर उतरणाऱ्या गर्दीत विद्यार्थ्यांचीच संख्या डोळ्यांत भरते. पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्र आणि बोलण्यात सांगली, सोलापूर, लातूर, बीड अशा दूरच्या मुलखाची ढब. आकुर्डी, निगडी, रावेत, पिंपरी आणि पुढे तळेगावापर्यंत पसरलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही मुले चार वर्षे काढतात आणि नंतर त्यांपैकी बरीचशी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कचेऱ्यांत रुजू होतात. यांतील बहुतेक महाविद्यालये ज्या शासकीय धोरणातून जन्मली, ते धोरण १९८३ साली राबविणारा मुख्यमंत्री स्वतः प्राथमिक शाळेच्या पलीकडे फारसा गेलेला नव्हता, हे त्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

वसंतराव बंडूजी पाटील, म्हणजेच वसंतदादा, यांच्याविषयी बोलताना हा विरोधाभास हमखास सांगितला जातो आणि सांगणारा बहुधा कौतुकाने थांबतो. अल्पशिक्षित माणसाने उच्च शिक्षणाची दारे उघडली, एवढ्यावर त्याचे समाधान होते. प्रस्तुत लेखकाला मात्र यात आश्चर्याचे फारसे काही वाटत नाही. दादांचे पूर्वायुष्य नीट पाहिले, तर १९८३ चा निर्णय त्यांच्या हातून होणे अगदी स्वाभाविक होते. त्या निर्णयातील गुण आणि त्यातील उणीव ही दोन्ही त्याच आयुष्यातून आली, असे आमचे मत आहे.

सांगलीजवळ कृष्णाकाठी असलेले पदमाळे हे त्यांचे गाव. जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साथीत आईवडील दोघेही गेले आणि वर्ष-दीड वर्षाच्या या पोराला आजीने वाढविले. घरी शेती होती, पण घरात कर्ता पुरुष नव्हता. अशा घरातील मुलाची शाळा लवकर सुटली, तर त्या काळात कोणाला त्याचे नवल वाटत नसे. काँग्रेसच्या चळवळीत ते विशीच्या आसपास ओढले गेले आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन त्यांनी सातारा-सांगली भागात तारा तोडणे, सरकारी ठाण्यांवर हल्ले करणे अशी कामे संघटित केली. १९४३ च्या जूनमध्ये ते पकडले गेले. महिनाभरातच, २४ जुलै रोजी, सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंग फोडून आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी पलायन केले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव हे दोघे गोळीला बळी पडले. दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा हाती सापडले. सुटका झाली ती १९४६ साली.

तुरुंग फोडण्याच्या या प्रसंगावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तो येथे लांबवीत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की त्यानंतरच्या चाळीस वर्षांत हा माणूस कोठेही गेला, तरी सांगलीचा शेतकरी त्यांच्याकडे प्रथम तुरुंग फोडणारा गडी म्हणूनच पाहत राहिला. पुढे शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करताना हा विश्वास त्यांना कोणत्याही तारणापेक्षा अधिक उपयोगी पडला.

१९५२ साली दादा प्रथम मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले. सांगली संस्थान विलीन होऊन चार वर्षे लोटली होती आणि आजचा सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा या नावाने ओळखला जात होता. विधानसभेत ते फर्डे वक्ते म्हणून कधी गाजले नाहीत. त्यांचे खरे कार्यक्षेत्र सहकाराचे होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली, शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा करून दाखविला होता. हाच प्रयोग दादांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात सांगलीत केला आणि शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

या कारखान्याची रचना थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. शेतकरी पदरचे पैसे घालून भाग घेई आणि सभासद होई. शासन भागभांडवलात आपला वाटा घाली, वित्तसंस्था कर्ज देत, आणि गाळप सुरू झाले की सभासदाच्या ऊसबिलातून काही रक्कम ठेव म्हणून कापली जाई. या कपातीतून कारखान्याचा विस्तार होई, रस्ते होत, उपसा सिंचन योजना होत, शाळाही होत. म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून थोडे थोडे घेऊन मोठी भांडवली वस्तू उभारावयाची, असे हे तंत्र होते. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. भाग एक असो वा दहा, सभासदाला मत एकच. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरे, अहवाल छापून सभासदाच्या हाती पडे आणि ज्याला अध्यक्षाचा कारभार पसंत नसेल त्याला मंडपात उभे राहून तसे बोलता येई. या सभा पुढे कशा झाल्या, पाच मिनिटांत सारे ठराव कसे मंजूर होऊ लागले, हे सर्वांस माहीत आहे. तरीही हक्क कायद्यात होता आणि निवडणुकीत अध्यक्ष पडल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी नाहीत. ऊस तोडणाऱ्या मजुराला मात्र या लोकशाहीत भाग नव्हता आणि मतही नव्हते. सहकाराची ती उणीव तेव्हापासूनची आहे.

कारखाना चालवू लागल्यावर दादांना आणखी एक गोष्ट जाणवली असली पाहिजे. बॉयलर, टर्बाइन, रसाची शुद्धता, साखरेचा उतारा या साऱ्यांना शिकलेली माणसे लागतात आणि ती बाहेरून आणावी लागतात. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय होते, तेच पुढे वालचंद या नावाने प्रसिद्ध झाले. पण त्याच्या थोड्या जागांत आजूबाजूच्या खेड्यांतील मुलाला प्रवेश मिळणे दुरापास्त होते. कारखान्यांना लागणारे संशोधन आणि प्रशिक्षण स्वतःच्या संस्थेत व्हावे म्हणून साखर कारखान्यांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. दादांच्या निधनानंतर तिला त्यांचे नाव देण्यात आले. पैसा शेतकऱ्याचा, गरज शेतकऱ्याची, म्हणून संस्थाही शेतकऱ्याने काढावी, हा विचार त्यांच्या मनात किती खोल रुजला होता हे येथे दिसते.

त्यांच्या राजकीय चढउतारांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि तो येथे थोडक्यात आटोपतो. १९६७ साली पद्मभूषण किताब मिळाला. त्यानंतर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद, १९७२ नंतर वसंतराव नाइकांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे खाते, शंकरराव चव्हाणांच्या काळात मंत्रिमंडळाबाहेर जाणे आणि राजकारणातून निवृत्तीची भाषा, आणि आणीबाणीनंतरच्या पराभवाने हादरलेल्या पक्षाने १९७७ च्या मे महिन्यात त्यांनाच मुख्यमंत्रिपदी बसविणे, असा हा क्रम आहे. १९७८ च्या निवडणुकीनंतर दोन काँग्रेसांचे संयुक्त सरकार त्यांनी बनविले, तेही जुलैमध्ये शरद पवारांनी पाडले. याच काळातील एक गोष्ट कारकुनी पेशाचे वाचक विसरले नसतील. १९७७-७८ च्या हिवाळ्यात राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राप्रमाणे महागाईभत्ता मिळावा म्हणून ५४ दिवसांचा संप केला आणि दादांच्या सरकारने तो ताठरपणे हाताळला. पगारदार वर्गाविषयी दादांच्या मनात एक प्रकारचा दुरावा होता, असे मानण्यास जागा आहे. ज्याचे उत्पन्न पावसावर आणि भावावर अवलंबून नाही त्याने संप का करावा, हा प्रश्न शेतीतून वर आलेल्या पुष्कळ पुढाऱ्यांना पडे.

१९८३ च्या फेब्रुवारीत दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यापूर्वी चारच महिने, ऑक्टोबर १९८२ मध्ये, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका महानगरपालिका झाली होती. या परिसराची तोवरची वाटचाल आठवली म्हणजे निर्णयाची पार्श्वभूमी कळेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठीच्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने येथे उभे राहिले. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडी-आकुर्डी-वाकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर संपादनाच्या नोटिसा येऊ लागल्या. जमीन गेलेल्या घरातील मुलगा कारखान्याच्या दारी गेला तर त्याला पहारेकऱ्याचे किंवा हमालीचे काम मिळे. आयटीआय केले असेल तर यंत्रावर उभे राहता येई. आत टेबलाशी बसणारा अभियंता पुण्याच्या, मुंबईच्या किंवा परप्रांतीच्या महाविद्यालयातून आलेला असे. पुण्याचे शासकीय महाविद्यालय १८५४ चे. त्याच्यासह मुंबई, सांगली, नागपूर, औरंगाबाद, कराड, अमरावती येथील महाविद्यालये धरली, तरी साऱ्या राज्यातील संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ज्यांच्यापाशी पैसा होता ते देणगी देऊन मुलांना कर्नाटकात, मणिपाल-बेळगावकडे पाठवीत. महाराष्ट्राचा पैसा आणि मुले दोन्ही सीमेपलीकडे जात होती.

सरकारच्या तिजोरीत नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा दादांच्या सरकारने खासगी संस्थांना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये काढण्याची परवानगी विनाअनुदान तत्त्वावर दिली. सरकार अनुदान देणार नाही, खर्च संस्थेने विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवावा, असे हे तत्त्व होते. विद्यापीठीय वर्तुळातून, शिक्षक संघटनांकडून आणि डाव्या पक्षांकडून कडाडून विरोध झाला. दर्जा घसरेल, शिक्षणाचा बाजार होईल, हे आक्षेप तेव्हाच घेतले गेले होते. दादांनी ते मानले नाहीत. १९८३ सालीच लोणीला प्रवरेचे, सांगलीजवळ बुधगावला दादांच्या नावाचे, पुण्यात भारती विद्यापीठाचे आणि एमआयटीचे, अशी महाविद्यालये सुरू झाली. डी. वाय. पाटील हे काँग्रेसचे माजी आमदार. त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय १९८४ साली पिंपरी परिसरात निघाले आणि आज ते आकुर्डीत आहे. संस्थाचालकांपैकी बरेच जण दादांप्रमाणेच शेतकरी घरांतून आलेले होते, हा योगायोग नव्हे.

दादांनी येथे काय केले? आमच्या मते त्यांनी साखर कारखान्याचा आराखडा उचलून शिक्षणावर ठेवला. कारखान्यासाठी शेतकऱ्याने भागाची रक्कम दिली होती, महाविद्यालयासाठी पालकाने शुल्क द्यावे. सरकारने वाट मोकळी करावी, जमिनीची सोय पाहावी, आणि स्थानिक पुढाऱ्याने संस्था उभारावी. ज्याने आयुष्यात अशीच संस्था उभी राहताना पाहिली होती, त्याला हे सरळ आणि न्याय्य वाटले असेल. त्या पद्धतीचे यशही नाकारता येत नाही. ज्या घरात पूर्वी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, त्या घरातील मुले-मुली आज चाकणच्या मोटार कारखान्यांत आरेखन आणि दर्जा-तपासणीच्या विभागांत बसली आहेत. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगनचा आला. या कारखान्यांनी येथे येताना रस्ते आणि बंदर पाहिले असेल, तसे हाताशी असलेले अभियंतेही पाहिले असतील. विनाअनुदानित महाविद्यालये नसती तर हा औद्योगिक पट्टा असा वाढला असता काय, याचे होकारार्थी उत्तर देणे कठीण आहे.

परंतु आराखडा उचलताना त्यातील एक महत्त्वाचा भाग मागेच राहिला. कारखान्याला सभासद होते, महाविद्यालयाला नव्हते. महाविद्यालय काढणारी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली, विश्वस्त आजीव किंवा एकमेकांना निवडणारे आणि कालांतराने एकाच घराण्यातील. पैसा पालकाने दिला, पण त्याला भाग मिळाला नाही, मत मिळाले नाही आणि ताळेबंदही मिळाला नाही. साखरेच्या राजकारणात अध्यक्षाला पाच वर्षांनी गावोगाव हात जोडीत फिरावे लागे. शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षाला ती यातायात उरली नाही. दादांना हा फरक दिसला नसेल, असे म्हणणे त्यांच्या चतुराईला शोभत नाही. आपल्या ओळखीची, आपल्या चळवळीतील माणसे संस्था चालवीत आहेत, तेव्हा ती लोकांना जबाबदार राहतीलच, असा त्यांचा भरवसा असावा. तुरुंग फोडताना ज्यांच्या खांद्याला खांदा लावला त्यांच्यावर विश्वास ठेवून ज्याचे जीवन गेले, तो माणूस नियमांपेक्षा माणसांवरच अधिक भरवसा ठेवणार.

भरवसा फार काळ टिकला नाही. देणग्यांचे आकडे चारच वर्षांत असे वाढले की १९८७ साली राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नात उतरावे लागले. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात न्यायालयाने संस्थांना शुल्क ठरविण्याची मोकळीक दिली, मात्र नफेखोरी आणि देणगी निषिद्ध ठरविली. २०१५ साली महाराष्ट्राने प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा केला. दादांनी एका निर्णयाने जे मोकळे सोडले होते, त्याला बांध घालण्याचे काम कायदेमंडळ आणि न्यायालये तेव्हापासून करीत आली आहेत. दरम्यान जागा इतक्या वाढल्या की अनेक महाविद्यालयांत त्या रिकाम्या राहू लागल्या आणि काही बंदही पडली. अशा महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांची स्थिती वेगळ्या लेखाचा विषय होईल. वेतनश्रेणी कागदावर असावी आणि पगार महिनोन्महिने थकावा, हा अनुभव या पट्ट्यात राहणाऱ्या अनेक शिक्षकांनी घेतला आहे.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीवर आणखी एक डाग आहे, तोही सांगितला पाहिजे. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी जमिनी संपादन करण्याच्या वादात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांनी आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार केला आणि पाच जण प्राणास मुकले. आंदोलनाचे नेते शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, तेही शेतकऱ्याचेच पुत्र आणि विधिमंडळातील जुने सदस्य. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्ताला साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची पद्धत निघाली आणि पुढे निगडी-आकुर्डीच्या प्राधिकरणबाधितांनीही त्याच टक्क्यांची मागणी धरून ठेवली. ज्याने कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कारखान्याचा मालक बनविले, त्याच्याच राजवटीत समुद्रकाठच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या मोलासाठी जीव द्यावा लागला. दादांच्या गौरवग्रंथांत या प्रसंगाला सहसा जागा मिळत नाही.

दुसरे आव्हान याच पट्ट्यातून उठले होते. चाकणजवळ आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी १९७९-८० मध्ये कांद्याच्या भावासाठी चाकणच्या बाजारातून आंदोलन सुरू केले आणि सहकारी संस्था, कारखाने, त्यांचे अध्यक्ष या साऱ्या रचनेवरच बोट ठेवले. शेतमालाला रास्त भाव द्या, मग शेतकरी आपल्या मुलाच्या शिक्षणाचे स्वतः पाहील, असा त्या विचाराचा रोख होता. दादांचा मार्ग संस्थेतून जाणारा, जोशींचा बाजारभावातून. चाकणच्या शेतकऱ्याच्या वाट्याला अखेर तिसरेच आले. जमिनीला भाव आला, तोही ती विकताना. त्या पैशातून मुलाचे शुल्क भरले गेले.

१९८५ च्या जूनमध्ये प्रदेशाध्यक्षाच्या नेमणुकीवरून दिल्लीशी मतभेद होऊन दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले. नोव्हेंबरात ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १९८७ साली तेही पद सोडून परतले. १ मार्च १९८९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सांगलीला कृष्णेच्या काठी त्यांची समाधी आहे. त्यांनी उभारलेला कारखाना कर्जात रुतला आणि अलीकडच्या काळात खासगी कंपनीला भाड्याने चालविण्यास द्यावा लागला. भाड्याचा ठराव झाला तेव्हा सभासदांनी त्यावर प्रश्न विचारले, वाद घातले, वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली. आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांत पालकांना तेवढेही करण्याची सोय नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे संस्था आपले हिशेब सादर करतात, त्यावरून शुल्क ठरते आणि पालकाच्या हाती पावती येते. साखर कारखाना जसा आपला वार्षिक अहवाल आणि ताळेबंद छापून प्रत्येक सभासदाला पाठवितो, तसाच तो प्रत्येक विनाअनुदानित महाविद्यालयाने प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक शिक्षकाला पाठवावा, आणि वर्षातून एकदा त्यावर उघड सभा घ्यावी, अशी तरतूद २०१५ च्या कायद्यात घालण्यास फार मोठ्या दुरुस्तीची गरज पडू नये.